खिळ्यावरचा तक्ता

खडेबाजारात माझं चष्म्याचं दुकान, आठ बाय दहा.
भिंतीला एक खिळा, खिळ्याला एकच तक्ता.
एका अंगाला मराठी : दोरीवर वाळत घातलेली अक्षरं.
दुसऱ्या अंगाला कन्नड : ताटात वळून ठेवलेली कडबोळी.
गिऱ्हाईक पायरी चढेस्तोवर
हात तक्ता फिरवून मोकळा.

विचारायचं काय त्यात?
टोपीची घडी, पदर कुठल्या खांद्यावर,
कपाळावर आडवं की उभं,
चपला कशा काढून ठेवल्या.
अठ्ठावीस वर्षं झाली.
शेजारचा घड्याळवाला मुनवळ्ळी म्हणतो,
मालक, तुम्ही माणूस वाचता.
मला ते पटत आलेलं.

कल्लाप्पा आमच्यातही असतात, त्यांच्यातही.
पण पुढे यळ्ळूरकर लागलं की विषय संपला.
"डोळं दाखवायचं हुतं बघा," म्हणाले, आपल्याच बोलीत.
पहिली ओळ वाचली. दुसरीत अडखळले.
तिसरीत भ चा म झाला, घ चा ध.
मी भिंग बदललं. ह्यात बरं, की ह्यात?
ते तक्त्याकडे कमी, माझ्या तोंडाकडे जास्त बघत होते.
"ह्यातच बरं वाटतंय की."
पुन्हा चुकले, मी पाव चढवला.
पुन्हा चुकले, आणखी पाव.
दीडला धरलेला नंबर सव्वादोनला सोडला.
खाली येऊन बघावं, असं एकदाही सुचलं नाही.
त्यांची एकेक चूक
माझ्याच बाजूनं साक्ष देत होती.

दोन महिन्यांनी परत आले, कपाळाला पट्टी.
"बसची पायरी जवळ दिसली, पाय लांब पडला.
चष्मा झ्याक हाय हो. माझंच डोस्कं फिरतंय."
मी म्हणालो,
नंबर वाढला असणार.

भिंगांची पेटी काढायला वाकलो होतो.
पोऱ्यानं सकाळी जळमटं झाडताना
तक्ता उलटा टांगलेला.
मागून पुटपुटणं ऐकू आलं.
चष्मा खिशात, कल्लाप्पा आपले वेळ जावा म्हणून
कडबोळी वाचत होते, भराभर,
शेवटच्या ओळीच्याही खाली,
हुबळीच्या छापखान्याच्या नावापर्यंत,
जे मला जवळ जाऊनही दिसत नाही.

"वडील गोकाक फॉल्सच्या मिलात हुते की.
साळा कन्नडच. मराठी घरात बोलाय.
वाचाय कोण शिकवलं?"
मग सांगायचं नाही होय?
"तुमी लावलाय म्हटल्यावर बरोबरच असंल म्हटलं.
आणि यळ्ळूरचं नाव लावून
मराठी वाचाय येत न्हाई म्हणायचं, कसं ते?"

नंबर निघाला पाऊण.
पैसे घेतले नाहीत. तेवढ्यानं काय होतं.

रात्री शटर अर्धं ओढून मोजायला बसलो.
बरोबर ओळखलेले धडाधड आठवले :
हुक्केरीचे मास्तर, तोंड उघडायच्या आधी,
खानापूरची ती नर्स, नुसत्या चालण्यावरून.
चुकलेलं एकही आठवेना.
आठवणार कुठून?
चुकलेले परत येत नाहीत.
ते दुसऱ्या दुकानात जातात,
नाहीतर पायरी चुकतात
आणि वयाला नावं ठेवतात.
माणूस वाचतो म्हणे मी.
हो म्हणाली तेवढीच माणसं मोजली होती.

माळ्यावर तिसरा तक्ता होता,
अक्षरांचा नाही, तीन दात्यांच्या फणीचा.
दाते कुठल्या बाजूला, तेवढं बोटानं दाखवायचं.
तो काढला की माणसाला अडाणी म्हटल्यासारखं होतं,
म्हणून वर टाकलेला. पुसून खाली आणलाय.
खिळा मात्र अजून एकच.

आता विचारतो, वाचता कुठली अक्षरं?
काहीजण चिडतात.
तोंडाकडे बघून कळत नाही काय हो?

आज दुपारी एक बाई पायरी चढत होत्या,
हिरव्या बांगड्या, हातात केळीच्या पानातली अबोली.
मी विचारायला तोंड उघडलं.
भिंतीवर तक्ता
आधीच हलत होता.